ढोलकीवाल्याचे कान

अंकुशा, आज गुरुवार, आपली सुट्टी. तुझी ढोलकी मांडीवर घेऊन मी मेट्रोनं पुण्यात गेलो आणि पेठेतल्या लावणीच्या थिएटरात देऊन आलो. तुझं तेरावं झाल्यापासून मंगलवहिनी मागं लागल्या होत्या, "भावजी, ती तेवढी घरातनं हलवा. येता-जाता दिसती." खुंटीवरनं काढली तर पट्टा अजून तुझ्याच मापाचा. मी तो सैल केला नाही, तसाच गळ्यात अडकवला, तर ढोलकी थेट माझ्या छातीवर आली. तुझ्याएवढा बुटका माणूस अख्ख्या कंपनीत दुसरा नव्हता.

मेट्रोत शेजारच्या पोरीनं विचारलं, "काका, प्रोग्राम आहे का?" मी व्हय म्हणालो. दुसरं काय सांगणार होतो तिला?

पण मी नुसती ढोलकी द्यायला गेलो नव्हतो. मला तिथल्या नाचणाऱ्या रंजनाताईंना एक गोष्ट विचारायची होती, आणि त्यांचं उत्तर काय यावं हे मला पिंपरीपासून पेठेपर्यंत ठरवता आलं नाही. अंकुशला ऐकू येत होतं का, एवढाच प्रश्न. येत होतं म्हणाल्या तर मी सुटलो, पण मग तू मुद्दाम मेलास. येत नव्हतं म्हणाल्या तर तू मुद्दाम मेला नाहीस, पण मग तुला मारण्यात माझा हात आहे. सांग, काय मागू मी त्या बाईकडं?

तू गेलास कसा, ते तुला कोण सांगणार, म्हणून सांगतो. जेवणानंतर तू माल भरायचा मोकळा बिन आणायला डिस्पॅचच्या आवारात गेलास. फोर्कलिफ्ट रिव्हर्स येत होती. तिचं ते पीं-पीं आत प्रेसशॉपपर्यंत आलं. मला आलं, कँटीनमधल्या मावशींना आलं. ड्रायव्हर मागं बघतच होता. रडत रडत सांगत होता बिचारा, "दिसले होते मला. वाटलं, आवाज ऐकून सरकतील. सगळेच सरकतात." तू सरकला नाहीस. पाठमोरा उभा होतास, आणि समोरच्या लाकडी पॅलेटवर तुझी बोटं चालली होती. कुठला तोडा बसवत होतास, देव जाणे.

मग चौकशीला साहेब लोक आले. फाईल उघडली. त्यात तुझ्या कानाचे सहा वर्षांचे कागद निघाले आणि दर कागदावर एकच शेरा, ऐकणं व्यवस्थित. ऐकणं व्यवस्थित असलेला माणूस एवढ्या आवाजाला हलत नाही म्हणजे काय? एका साहेबानं नुसत्या भुवया उडवल्या. पाळी सुटायच्या आत कंपनीभर झालं, अंकुशनं जाणूनबुजून केलं. चाकणच्या कंपनीतनं ते मोशीत तुझ्या दारात पोचायला कितीसा वेळ लागतो?

वहिनींनी मला काही विचारलं नाही. त्यांनीच मला सांगितलं. त्या दिवशी सकाळी तुमचं वाजलं होतं म्हणे. "मी वट्ट्यापाशी पोळ्या लाटत होते, तोंड भिंतीकडं. हे दारात बूट घालत होते. मी म्हटलं, दर गुरुवारी तिकडं पळायचं ते एकदाच कायमचं जावा, परत येऊ नका. काय बोलले नाहीत, भावजी. एरवी हातातली किल्ली तरी आपटतात. त्या दिवशी गुमान गेले. आणि आलेच नाहीत."

एवढं बोलून त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी काहीतरी बोलावं, 'असं न्हाई वो वहिनी' एवढं तरी म्हणावं म्हणून बघत होत्या. आणि मी, तुझा पंचवीस वर्षांचा दोस्त, हातातला चहा संपवला आणि उठलो. थू माझ्या जिनगानीवर.

कारण ते कागद खोटे होते. आणि ते मी खोटे केले होते.

आठवतं, पहिल्यांदा आलास तेव्हा कसनुसा हसत होतास. "बापू, त्या गाडीतली बारीक शिट्टी मला ऐकू येईना झाली बघ." कंपनीच्या दारात वर्षातनं एकदा ती तपासणीची गाडी यायची. आत कपाटाएवढी काचेची खोली. कानाला हेडफोन लावून बसायचं, शिट्टी आली की हातातलं बटण दाबायचं. बाहेरचा तपासनीस शिट्टी सोडतो तेव्हा त्याच्या मशीनवर लाल दिवा लागतो. पुढच्या नंबरचा माणूस तपासनिसाच्या पाठीशी उभा असतो, त्याला तो दिवा दिसतो आणि काचेतला माणूस पण दिसतो. झालं तर मग. तुझ्यानंतरचा नंबर माझा. दिवा लागला की मी नाक खाजवायचं, तू बटण दाबायचं. "थिएटरात बायांच्या पायाकडं बघून वाजवतोच की, इथं तुझ्या नाकाकडं बघून दाबतो," तू म्हणालास. मी हसलो. गाढवासारखा हसलो.

नापास झालास तर प्रेसवरनं काढून गेटवर बसवतील, ही भीती होतीच. पण तुझी खरी भीती ती नव्हती. बहिरा म्हणून कागदावर शिक्का बसला की तो आज ना उद्या पेठेत पोचणार, आणि बहिऱ्याला ढोलकीवर कोण बसवून घेईल? तुला कंपनीची पर्वा कधी होती? सहा दिवस तू पत्रा दाबायचास तो सातव्या दिवसासाठी.

आणि कान गेले कुठं, तर त्याच प्रेसवर. आम्ही सगळे मुकाट्यानं आवाज अडवायला कानात बोंडं घालायचो. तू साहेब वळला की काढायचास. का, तर म्हणे प्रेस तालात पडती. "ऐक ना बापू, चार नंबरची जरा मागं पडती अन् पाच नंबरची तिला हात देती." मला नुसता धडाम् धडाम् ऐकू यायचा. तू त्यातनं तोडे काढायचास आणि गुरुवारी थिएटरात वाजवायचास. ह्याबद्दल मी तुला शिव्या द्यायला पाहिजे होत्या. मी कौतुक करत बसलो.

मी तरी काय करणार होतो रे? आमचं शेत बिल्डरला गेलं, भावाभावांत बोलणं बंद झालं, आणि मी कंपनीत लागलो तेव्हा माणसांत नीट बोलतसुद्धा नव्हतो. डबा भिंतीकडं तोंड करून खायचो. तू आपणहून शेजारी येऊन बसलास, माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता उचललंस आणि म्हणालास, "गुरुवारी काय करायलास? चल, तुला नाच दाखवतो." मी तोबा तोबा म्हणालो. लावणीच्या थिएटरात जायचं म्हणजे आमच्या गावात नाव निघणार. तरी आलो, तोंडाला हातरुमाल बांधून आलो. आणि बघतो तर पुढच्या रांगेत आमच्या मोशीचे निम्मे कारभारी मांडी ठोकून बसलेले! त्यातल्या एका म्हाताऱ्यानं मला हातरुमालासकट ओळखलं. "बापू, उकडतंय का रं?" तू ढोलकीवर बसल्या बसल्या हसून लोळायचा बाकी होतास.

त्या दिवशी रंजनाताई बसून एक संथ लावणी म्हणाल्या. नाच नाही, नुसता हात आणि डोळे. आणि मधेच उठून त्यांनी पाय टाकला तेव्हा तू अशी थाप दिलीस की शेत गेल्यापासून आवळून धरलेलं सगळं सुटलं. मी रडलो अंकुशा. तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर जन्मभर चिडवलं असतंस.

म्हणून मी नाक खाजवलं. सहा वर्षं. दरवर्षी म्हणायचो, हे शेवटचं. कानाला मशीन लाव, पाया पडतो. तर तू म्हणायचास, "ढोलकीवाल्याच्या कानात मशीन? लोक फर्माईश काय करतील? आता एक बहिऱ्याची होऊन जाऊ द्या!" आणि भांडण तुझ्या अंगावर यायला लागलं की तू तोंड फिरवायचास. तुझी नजर माझ्या ओठावरनं हलली की माझा एक शब्द तुला पोचायचा नाही. असल्या माणसाशी भांडण कोण जिंकणार? यंदा तर मी ठाम सांगितलं होतं, नाक कापून टाकीन पण खाजवणार नाही. दोन महिने बोललो नाही आपण. गाडी आली. तू काचेत जाऊन बसलास आणि माझ्याकडं असं बघितलंस की माझा हात आपोआप वर गेला. बाहेर आल्यावर तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. मी तो झटकला. ते आपलं भांडण तसंच राहिलं आहे बरं का. मिटलेलं नाही.

तर आज दुपारी पोचलो. थिएटर दिवसा बघितलं की ओळखू येत नाही. रंगमंचावर पडदा अर्धा ओढलेला, लोखंडी खुर्च्या उलट्या करून ठेवलेल्या, मागच्या चौकात नाचाच्या पार्ट्यांच्या खोल्यांपुढं नऊवारी वाळत घातलेल्या. एक पोरगी केस पुसत होती, दुसरी मोबाईलवर कुणाला तरी झापत होती. भिंतीवर जुन्या बायांचे फोटो. माझ्या आजाच्या वेळचं ते थिएटर, त्यातले कितीतरी चेहरे आता कुणाला नावानिशी ठाऊक नाहीत. गणूमास्तर पेटीचा भाता पुसत बसले होते. माझ्या गळ्यातली ढोलकी बघितली आणि त्यांनी काही न विचारता हात पुढं केला. घेतली, पेटीवर सूर धरला आणि दोऱ्या ताणायला लागले. सवयीनं. मग मधेच थांबले आणि ढोलकीवर डोकं टेकलं.

रंजनाताई बाहेर आल्या. बातमी त्यांना कळली होती. गुडघे धरत उंबऱ्यावर बसल्या, मला चहा सांगितला. मी विचार करून ठेवलेलं सगळं विसरलो आणि बोलून गेलो, "ताई, अंकुशला ऐकू येत हुतं का?"

त्यांनी मास्तरांकडं बघितलं. मास्तरांनी मान खाली घातली.

"चार-पाच वर्सं झाली, काय येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "ढोलकी सुरात लावता येईना त्याला. मास्तर आधीच लावून ठिवायचे. तो यायचा, टिचकी मारायचा, जमलंय म्हणून मान हलवायचा. आमी पण हलवायचो."

"आन् नाचाला?"

"उठवा मला," त्या म्हणाल्या. मी हात दिला. चौकाच्या मधोमध उभ्या राहिल्या, पदर खोचला, आणि दोन पावलं टाकून, समेच्या अगदी आधी, उजवा खांदा असा अलगद उचलला. "बघितलं? हे आमच्या नाचात नव्हतं. त्याच्यासाठी घातलं. खांदा उचलला की त्याला कळायचं, आता थाप. समद्या पोरींना शिकवलं. आता बाहेर लोक म्हंतात, ह्या पार्टीचा खांदा लई न्यारा." आणि बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला. "त्याला सांगायची हिंमत झाली न्हाई, दादा. ढोलकी काढून घेतली असती तर तो उभा ऱ्हायला नसता."

मग मी माझं सांगितलं. गाडी, दिवा, नाक, सगळं. वाटलं होतं, शिव्या देतील. त्यांनी नुसतं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी तुमी त्याला तिकडं धरून ठिवला, आमी हिकडं. माया समद्यांनी केली. डाक्टरकडं कुणी न्हेला न्हाई."

चहा आला होता. मी घेतला नाही.

निघताना त्या म्हणाल्या, "त्याच्या बायकोला हे ठाव हाय का?" मी नाही म्हणालो. "मग हितं काय करताय? जावा की." अशा झापल्या की मी पायात चपला अडकवत पळालो.

दिवेलागणीला तुझ्या घरी गेलो. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी दारातच उभ्या उभ्या सांगायला सुरुवात केली, कारण बसलो असतो तर पुन्हा चहा पिऊन उठलो असतो. सगळं सांगितलं. तुझे कान, माझं नाक, रंजनाताईंचा खांदा. त्यांचा हात थांबला नाही, तांदूळ निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "असं कसं? मी विचारलं होतं की एकदा. ऐकू कमी येतंय का म्हणून. कंपनीचा कागद दाखवला मला. आणि ढोलकी वाजवणाऱ्या माणसाला ऐकू येत नाही असं कोण म्हणंल?"

"व्हय वहिनी."

"मला वाटायचं, मुद्दाम करतात. मी मागनं हाका मारायची, वळायचे नाहीत. मला वाटायचं, माझं ऐकायचंच नसतं ह्यांना. गुरुवारी नाचणाऱ्या बायांचं ऐकू येतंय, माझं तेवढं नाही."

मग त्यांच्या ध्यानात आलं. ताट खाली ठेवलं.

"म्हणजे त्या दिवशीचं... सकाळचं... मी जे बोलले ते?"

"ऐकूच गेलं न्हाई त्याला. पाठ हुती ना त्याची? तुमचं तोंड बी भिंतीकडं हुतं. तो रागावून गेला न्हाई वहिनी, आन् मुद्दाम उभा बी ऱ्हायला न्हाई. त्याला पीं-पीं सुद्धा आलं न्हाई."

वहिनी रडल्या, अंकुशा. तुझ्या मातीला रडल्या नव्हत्या तेवढ्या आज रडल्या. तोंडावर पदर धरून, पुढं-मागं डोलत. मधेच माझ्यावर ओरडल्या, "आणि तुम्ही हे आज सांगताय? एवढे दिवस मी काय भोगलं, माहिती आहे तुम्हाला? दोस्त म्हणवता!" बरोबर होतं त्यांचं. मी मान खाली घालून ऐकलं. म्हटलं, माझं काय व्हायचं ते होऊ दे, उद्या साहेबांपुढं पण हेच सांगणार आहे, लेखी देणार आहे. पण ह्या बाईच्या छातीवरचा धोंडा तरी उतरला. खरं सांगतो, मला घटकाभर हलकं वाटलं. तिथंच निघायला पाहिजे होतं.

त्यांनी डोळे पुसले. मग मला म्हणाल्या, आवाज एकदम वेगळा, लहान मुलीसारखा, "भावजी, ह्यांना समोरनं कळायचं ना? ओठाकडं बघून?"

"व्हय. समोरनं समदं कळायचं."

"आणि अंधारात?"

मला आधी कळलं नाही त्या काय विचारतायत ते.

"दिवसा आमची भांडणंच व्हायची," त्या म्हणाल्या. "भाजी, गॅस, गुरुवार. मला दिवसाढवळ्या गोड बोलायला जमतच नाही, तोंडावर तर नाहीच. दिवा मालवला की मग मी बोलायची. काय काय बोलायची. ढोलकी वाजवता ते मला आवडतं, हे पण मी तसंच सांगितलेलं. हे हं म्हणायचे. दरवेळी हं म्हणायचे, भावजी. ते ऐकू यायचं का त्यांना?"

मला अंधारातलं काय माहीत रे? पण मी खोटं बोलण्यात तयार झालेला माणूस. मी म्हणालो, "यायचं की वहिनी. तेवढं सगळं यायचं त्याला. मला सांगायचा ना तो दुसऱ्या दिवशी."

वहिनींचा चेहरा असा उजळला की बघवेना. पुढं सरकून बसल्या.

"काय सांगायचे?"

मी तोंड उघडलं. एक शब्द आला नाही. वहिनी माझ्या ओठाकडं बघत बसल्या होत्या.